थंडीने मोठी, उन्हाने लहान? वटवाघळांच्या आकारावरील ठाण्यातील एका अभ्यासफेरीचे परीक्षण

ठाण्यात निसर्गफेऱ्यांना तोटा नाही. येऊरच्या पायथ्याशी पक्षी दाखवणारे, ऐरोलीच्या खाडीवर रोहित पाहायला नेणारे आणि पावसाळा सरता सरता फुलपाखरांमागे धावायला लावणारे गट आता जवळजवळ प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सअॅपवर आपली पत्रके पाठवत असतात. वटवाघळांची फेरी मात्र क्वचितच निघते. त्यातही ‘हवामान आणि अधिवास यांमुळे वटवाघळाच्या शरीराचा आकार कसा ठरतो’ एवढा एकच प्रश्न धरून संध्याकाळ आखणारा कार्यक्रम मला तरी यापूर्वी आढळला नव्हता. पोखरण रस्त्यालगतच्या एका छोट्या सभागृहात दीड तासाचे व्याख्यान आणि त्यानंतर उपवन तलावाच्या काठाने सुमारे दोन तासांची पायी फेरी, असे त्याचे स्वरूप आहे. शुल्क माणशी ६०० रुपये असून त्यात एक छापील पुस्तिका आणि चहा येतो. आयोजक हे चार-पाच हौशी अभ्यासकांचे मंडळ आहे. पुढे काही तक्रारीही करायच्या असल्याने त्याचे नाव मी देत नाही. शिवाय परीक्षण आहे ते मंडळाचे नसून त्या संध्याकाळी काय शिकवले गेले आणि कसे शिकवले गेले याचे आहे.

व्याख्यान उत्तम, फेरी चांगली आणि पुस्तिका सदोष, असे माझे मत आहे. त्यातील पुस्तिकेचा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण व्याख्यात्यांनी जे काळजीपूर्वक उलगडून सांगितले तेच पुस्तिकेने एका ठोकळेबाज वाक्यात गुंडाळून टाकले आहे.

व्याख्यात्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतात. त्यांनी सुरुवात पडद्यावरील चित्रांनी केली नाही. टेबलावर पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या आणि तांदळाच्या तीन पुरचुंड्या मांडलेल्या होत्या, त्या त्यांनी श्रोत्यांच्या हाती दिल्या. वटवाघळाचा आकार मोजताना अभ्यासक बहुधा कोपरापासून मनगटापर्यंतचा अग्रबाहू मोजतात. वजन खाल्ल्या-पिल्ल्याने रात्रीतच बदलते, हाडाची लांबी मात्र पूर्ण वाढीनंतर बदलत नाही. पहिली पट्टी जेमतेम ३० मिलिमीटरची होती, म्हणजे आपल्या दिव्यांभोवती भिरभिरणाऱ्या लहान पिपिस्ट्रेलची. दुसरी ७० मिलिमीटरची, म्हणजे आखूड नाकाच्या फळभक्षी वटवाघळाची, ज्याला शास्त्रज्ञ सायनॉप्टेरस स्फिंक्स म्हणतात. तिसरी १७० मिलिमीटरची, म्हणजे वडा-पिंपळावर दिवसा उलटे लटकणाऱ्या मोठ्या फळभक्षी वटवाघळाची, टेरोपस मेडियसची. पुरचुंड्या त्याच क्रमाने ३ ग्रॅम, ४५ ग्रॅम आणि १ किलोच्या होत्या. ३ ग्रॅमची पुरचुंडी तळहातावर ठेवली तर डोळे मिटून तिचे अस्तित्व सांगता येत नाही, आणि एवढ्याशा वजनात हृदय, फुप्फुसे, मेंदू, उडण्याचे स्नायू आणि ऋतू आला की पिल्लूही मावते, हे समजायला कोणत्याही आलेखाची गरज उरत नाही. कार्यक्रमातील सर्वांत चांगली पाच मिनिटे हीच होती.

एकाच शहरात, एकाच हवामानात, एकाच संध्याकाळी ३ ग्रॅमचा आणि किलोभराचा असे दोन्ही प्राणी उडत असतील, तर आकार हवामानाने ठरतो असे म्हणायचे तरी कसे, हा प्रश्न व्याख्यात्यांनी येथेच उपस्थित केला आणि मग जगाचा पट उलगडला. वटवाघळांच्या १४०० हून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांतील सर्वांत लहान थायलंड आणि म्यानमारमध्ये सापडते; तिचे वजन २ ग्रॅमच्या आसपास असते आणि शास्त्रीय वर्णन १९७४ मध्ये झाले. सर्वांत मोठ्या वटवाघळांपैकी एक फिलिपाइन्समधील सोनेरी डोक्याचे फळभक्षी वटवाघूळ असून त्याचे वजन किलोच्या पुढे जाते आणि पंखांचा विस्तार दीड मीटरपर्यंत असतो. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठे, अशी ही दोन्ही टोके उष्ण कटिबंधातलीच आहेत. तेव्हा थंड प्रदेशात प्राणी मोठे आणि उष्ण प्रदेशात लहान, हे सूत्र वटवाघळांच्या संपूर्ण कुळाला लावायला गेले तर ते पहिल्याच पायरीवर अडखळते.

हे सूत्र आले कार्ल बर्गमान या जर्मन अभ्यासकाकडून, १८४७ मध्ये. उष्ण रक्ताच्या प्राण्याचे शरीर जितके मोठे, तितका त्याच्या आकारमानाच्या तुलनेत पृष्ठभाग कमी आणि म्हणून उष्णतेची गळतीही कमी, हा त्यामागचा तर्क. व्याख्यात्यांनी तो फळ्यावर दोन घन काढून दाखवला: १ सेंटिमीटर बाजूच्या घनाला १ घन सेंटिमीटरमागे ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग मिळतो, तर २ सेंटिमीटर बाजूच्या घनाला केवळ ३. पुढे १८७७ मध्ये जोएल असाफ अॅलन यांनी त्याला जोड दिली, की थंड प्रदेशात कान, पाय, शेपट्या यांसारखे शरीराबाहेर डोकावणारे अवयव तुलनेने आखूड असतात. कोल्हे, ससे, हरणे यांच्या बाबतीत हे समजायला सोपे आहे. वटवाघळाचे काय करायचे? त्याच्या शरीराच्या पृष्ठभागाचा बहुतांश वाटा पंखांच्या उघड्या, पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पडद्याचा असतो. अॅलनचा नियम पाळून त्याने पंख आखूड केले तर ते उडणार कसे, आणि बर्गमानचा नियम पाळून अंग वाढवले तर त्याच पंखांवर वाढीव भार पेलणार कसा? शिवाय थंडी सोसण्याचा तिसराच मार्ग त्याच्यापाशी असतो: समशीतोष्ण प्रदेशातील कितीतरी जाती हिवाळ्यात शीतनिद्रेत जातात किंवा स्थलांतर करतात, आणि इतर काळातही दिवसा शरीराचे तापमान उतरवून काही तास सुप्त राहतात. थंडीशी झुंजायचेच नाही असे ठरवलेल्या प्राण्याला थंडी कितपत घडवणार? व्याख्यानाच्या या भागात एकही श्रोता मोबाइलकडे पाहत नव्हता, आणि ठाण्याच्या सभागृहात ही सामान्य गोष्ट नव्हे.

मात्र पुस्तिकेच्या दुसऱ्या पानावर ठळक चौकटीत काय छापले आहे? ‘थंड हवामानातील वटवाघळे मोठी असतात, उष्ण हवामानातील लहान असतात.’ बस्स. कोणती वटवाघळे, एकाच जातीतली की वेगवेगळ्या जातींतली, याचा उल्लेख नाही. बर्गमानचा नियम निकटच्या नात्यातील जातींना किंवा एकाच जातीच्या निरनिराळ्या ठिकाणच्या समूहांना लावून पाहायचा असतो. पिपिस्ट्रेल आणि टेरोपस यांच्यामधला फरक त्याने समजावता येत नाही. फेरीला न आलेल्या घरच्या माणसांच्या हाती उद्या ही पुस्तिकाच पडणार आहे, आणि ते चौकट तेवढी वाचणार आहेत.

एकाच जातीत काय घडते, हे सांगताना व्याख्यात्यांनी निवडलेले उदाहरण आपल्या अगदी जवळचे होते. सायनॉप्टेरस स्फिंक्स दक्षिण भारतापासून उत्तरेपर्यंत पसरलेले आहे. जे स्टॉर्झ हे संशोधक आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या वटवाघळाचा आकार दक्षिणेकडून उत्तरेकडे क्रमाने वाढत जातो, असे दाखवले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. असा क्रम केवळ योगायोगाने, म्हणजे समूह एकमेकांपासून दूर असल्याने साचत गेलेल्या जनुकीय फरकांमुळेही दिसू शकतो. म्हणून पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या कामात नैसर्गिक निवडीचा परिणाम न होणाऱ्या डीएनए खुणांमधील फरक आणि शरीराच्या मापांमधील फरक शेजारी ठेवून पाहिले गेले. मापांमधला फरक अपेक्षेहून अधिक निघाला, आणि त्यावरून आकाराचा हा चढ नैसर्गिक निवडीनेच घडवला असावा असा निष्कर्ष निघाला. याच मंडळींनी, म्हणजे स्टॉर्झ, हेजमाडी भट आणि थॉमस कुन्झ यांनी, पुण्यातील सायनॉप्टेरसच्या कुटुंबरचनेचाही अभ्यास केला होता. घाटापलीकडच्या शहरातील झाडांवर झालेले हे काम ठाण्यातील श्रोत्यांना परके वाटत नाही.

येथे मागच्या रांगेतल्या एका वयस्कर गृहस्थांनी हात वर केला. “मॅडम, आम्ही मूळचे नाशिकचे. तिकडे थंडी चांगली कडक पडते. मग नाशिकची वटवाघळे ठाण्याच्यापेक्षा मोठी असायला हवीत ना?” व्याख्यात्यांनी हसून दिलेले उत्तर मला आवडले. “काका, ठाणे आणि नाशिक यांच्या अक्षांशात एका अंशाचाही फरक नाही, पण उंचीत आणि हवेच्या दमटपणात पुष्कळ आहे. अंदाज आपण दोघेही बांधू शकतो. मोजल्याशिवाय मात्र मी हो म्हणणार नाही, आणि तुम्हीही म्हणू नका.” नियम माहीत असूनही तो लगेच लावून न टाकण्याचा हा संयम पुस्तिका लिहिणाऱ्याने दाखवला असता तर मी ती शेजाऱ्यांना आनंदाने वाचायला दिली असती.

नाशिकच्या प्रश्नातून दमटपणाचा मुद्दा निघाला, आणि तो थोडा अधिक वेळ मिळण्याच्या योग्यतेचा होता. पंखांच्या पडद्यातून पाण्याची वाफ सतत जात असते. कोरड्या हवेत ती अधिक जाते, आणि लहान शरीरात पाण्याचा साठाच कमी असल्याने त्याला त्याची झळ आधी लागते. कोकणपट्टीच्या हवेत वटवाघळाला ही चिंता फारशी नसते. घाटमाथ्यापलीकडे उन्हाळ्यात ती असते. तापमान आणि दमटपणा आपल्याकडे एकत्रच बदलत असल्याने मोठ्या आकाराचे श्रेय थंडीला द्यायचे की कोरडेपणाला, हे वेगळे करणे अवघड होते. व्याख्यात्यांनी हे दोन वाक्यांत सांगून पुढची चित्रफीत लावली. मला वाटते त्यांनी चित्रफीत गाळायला हवी होती.

उत्तर अमेरिकेतील अभ्यासावर मात्र त्यांनी पुरेसा वेळ दिला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात २० जातींच्या वजनांच्या नोंदी घेऊन चार पर्याय एकमेकांशी ताडून पाहिले गेले. मोठे अंग उष्णता राखण्यासाठी असते, हा पहिला पर्याय. मोठ्या अंगाला उन्हाच्या तडाख्याचा धोका अधिक, म्हणून उष्ण ठिकाणी अंग लहान, हा दुसरा. अन्न मुबलक असेल तेथे अंग मोठे होऊ शकते, हा तिसरा. आणि उपासमारीच्या दिवसांत मोठे अंग अधिक काळ तग धरते, हा चौथा. ठिकाणाठिकाणांमधल्या फरकाशी सरासरी तापमानाचा संबंध सर्वांत सातत्याने आढळला, थंड तेथे वजन अधिक. म्हणजे बर्गमानची बाजू उचलून धरली गेली. पण काळाच्या ओघातला, वर्षावर्षांमधला फरक पाहिला तेव्हा तापमान मागे पडले आणि वनस्पतींचे उत्पादन, म्हणजे पर्यायाने अन्नाची उपलब्धता, पुढे आली. ‘कुठे’ या प्रश्नाचे उत्तर एक आणि ‘केव्हा’ या प्रश्नाचे उत्तर दुसरे, ही या विषयातली सर्वांत रोचक गोष्ट मला वाटते. पुस्तिकेत ती एका ओळीनेही नाही.

जर्मनीतल्या बेखस्टाइनच्या वटवाघळाचे उदाहरण तर त्या चौकटीला थेट छेद देणारे आहे. जंगलातल्या झाडांच्या ढोल्यांत राहणाऱ्या या जातीच्या मादी-वसाहतींवर दोन दशकांहून अधिक काळ नोंदी ठेवल्या गेल्या, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उन्हाळे जसजसे उष्ण होत गेले तसतशी नवी पिढी मोठ्या अंगाची होत गेली. कारण वरवर उलटे वाटले तरी सरळ आहे. पिल्लू वाढत असताना ढोली उबदार असेल तर अंग गरम ठेवण्यात खर्च होणारी ऊर्जा वाढीकडे वळते. शिवाय मोठ्या माद्या लवकर विऊ लागतात, पण त्यांचे आयुष्य कमी भरते. म्हणजे आकारातल्या बदलाने जगण्याची गतीच बदलली. उष्णतेच्या गळतीचा ज्या तर्कावर बर्गमानने आपला नियम उभा केला, तोच तर्क पिल्लाच्या वयाला लावला की निष्कर्ष नेमका उलटा निघतो. दीड तासाच्या व्याख्यानात मला नवे काय मिळाले असे कोणी विचारले तर मी हेच सांगेन.

उन्हाचा तडाखा या दुसऱ्या पर्यायावर बोलताना ऑस्ट्रेलियातील जानेवारी २००२ ची घटना सांगितली गेली. पारा ४२ अंशांच्या पुढे गेला त्या एका दिवसात तेथील फळभक्षी वटवाघळांच्या वसाहतींत साडेतीन हजारांहून अधिक प्राणी मेले. उघड्या फांदीवर दिवस काढणारे मोठ्या अंगाचे वटवाघूळ पंखांनी वारा घेते, अंगावर लाळ फासते, सावलीकडे सरकते, आणि या साऱ्याला मर्यादा आली की कोसळते. ठाणे शहराला खाडीचा आधार आहे. पण जिल्ह्याच्या आतल्या भागात, बदलापूर-मुरबाडकडे, उन्हाळ्यात पारा ४० च्या पुढे जातो, आणि तिकडच्या जुन्या वडांवरच्या टेरोपसच्या वस्त्यांना घनदाट सावलीची झाडे किती महत्त्वाची आहेत, हे येथून आपोआप कळते.

व्याख्यान संपल्यावर चहा झाला (बरा होता, एवढे म्हणून पुढे जाऊ) आणि सूर्यास्ताच्या सुमारास मंडळी उपवनला पोहोचली. येऊरचे जंगल ज्यात येते त्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत अंधार पडल्यावर जाता येत नाही, आणि आयोजकांनी तसा आडमार्गाचा प्रयत्नही केला नाही, ही बाब नोंदवण्याजोगी आहे. इतर काही फेऱ्यांत ‘ओळख आहे’ म्हणून वाटा काढल्या जातात. कोणतेही वटवाघूळ पकडले गेले नाही, कोणत्याही झाडावर प्रखर टॉर्च रोखला गेला नाही. दिवे होते ते लाल कागद लावलेले.

अधिवास आकाराला कसा बांधून ठेवतो, हे तलावाच्या काठी कानांनी कळले. आयोजकांपाशी वटवाघळांचे श्राव्यातीत आवाज माणसाला ऐकू येतील असे उतरवून देणारे छोटे यंत्र होते. पाण्यावर पहिल्या पिपिस्ट्रेल आल्या आणि यंत्रातून टक-टक-टक असा सुटा ठेका सुरू झाला. एखादीने कीटकाचा माग धरला की तो ठेका घट्ट होत होत शेवटी कापड फाटल्यासारखा एकसंध आवाज येई आणि क्षणभर शांतता पसरे. पडद्यावर आकडा ४० किलोहर्ट्झच्या आसपास दिसत होता. मार्गदर्शकाने तेथेच हिशेब करून दाखवला: हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरला तर ४० किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ मिलिमीटर भरते, आणि २० किलोहर्ट्झची १७ मिलिमीटर. लहरीच्या मानाने कीटक फारच लहान असेल तर त्याच्यावरून परत येणारा प्रतिध्वनी क्षीण होतो. मोठ्या अंगाच्या वटवाघळाचा आवाज सामान्यतः खालच्या पट्टीतला असतो, म्हणजे डासाएवढे भक्ष्य त्याच्या कानांतून निसटते. त्याचबरोबर मोठे वटवाघूळ वेगाने उडते, पंख सावकाश हलवते आणि चटकन वळू शकत नाही. लहान वटवाघूळ पंखांची उघडझाप सेकंदाला दहाच्या आसपास करते आणि पंखांच्या त्या लयीलाच आवाज जोडून टाकत असल्याने ओरडण्याचा वेगळा खर्च त्याला फारसा पडत नाही. हवेत उडते कीटक टिपणारी वटवाघळे जवळजवळ सगळीच लहान का, याचे उत्तर १९९१ मध्ये रॉबर्ट बार्कले आणि मार्क ब्रिगॅम यांनी याच दिशेने दिले होते. उपवनच्या काठावर उभे राहून, गाड्यांचे हॉर्न आणि भेळवाल्यांची गडबड सोसतही, हे उत्तर पटत जाते. येथे आकाराला वरची मर्यादा घालणारी गोष्ट थंडी नसून भक्ष्याचा आकार आणि उडण्याची पद्धत आहे.

मोकळ्या पाण्यावर उडणारी आणि झाडीत शिरणारी वटवाघळे यांच्यातला फरकही दाखवला गेला, पण घाईत. उंच, मोकळ्या हवेत शिकार करणाऱ्या जातींचे पंख लांब आणि अरुंद असतात. दाट झाडीत पानांमधून वाट काढणाऱ्यांचे रुंद आणि आखूड, म्हणजे पंखांच्या क्षेत्रफळामागे शरीराचा भार कमी, कारण त्यांना संथ उडावे लागते आणि जागच्या जागी वळावे लागते. येऊरचे जंगल आणि घोडबंदरच्या इमारतींची रांग हे दोन अधिवास एकमेकांना खेटून असल्याने ठाण्यासारखी जागा या तुलनेसाठी शोधून मिळणार नाही. रस्त्यावरचे दिवे काही पिपिस्ट्रेलना सोयीचे ठरतात, तर संथ उडणाऱ्या झाडीतल्या जाती उजेड टाळतात. म्हणजे शहर हवामानाप्रमाणेच आपली स्वतंत्र चाळणी लावते आणि कोणत्या आकाराची, कोणत्या पंखांची वटवाघळे उरतील हे ठरवण्यात वाटेकरी होते. यावर दहा मिनिटे तरी थांबायला हवे होते. तेवढ्यात कोणाला तरी तलावातल्या कारंज्यापुढे समूहछायाचित्र काढायचे सुचले.

परतीच्या वाटेवर एका गृहसंकुलाच्या फाटकाशी खोट्या अशोकाची रांग होती, आणि तेथे फेरीने गमावलेला वेळ भरून काढला. सायनॉप्टेरसचा नर अशा झाडाच्या आत, खोडालगत लोंबणाऱ्या दाट पानांमध्ये, कित्येक दिवस खपून डहाळ्या आणि पाने कुरतडून घंटेसारखी पोकळी तयार करतो आणि तिच्यात माद्यांसह राहतो. वरून पानांची झालर तशीच असल्याने बाहेरून काही कळत नाही. मार्गदर्शकाने आम्हांला वर पाहायला न सांगता आधी जमिनीकडे पाहायला सांगितले: चघळून रस काढून घेतलेले फळांचे चोथे, देशी बदामाच्या अर्धवट खाल्लेल्या बिया आणि खाली उभ्या केलेल्या गाडीच्या काचेवर पडलेले पिवळट ओघळ. ४५ ग्रॅमच्या प्राण्याला हे घर जमते. किलोभराच्या टेरोपसला पानांचा असा तंबू पेलणारही नाही आणि पुरणारही नाही, म्हणून त्याला उघड्या फांदीवर ऊन-पाऊस सोसावा लागतो. उलट, विखुरलेल्या वड-उंबरांपर्यंत एका रात्रीत कित्येक किलोमीटर जाण्याची ताकद त्या मोठ्या अंगातच असते. राहायला जागा कोणती आणि फळे किती अंतरावर, या दोन गोष्टी आकाराशी किती घट्ट जोडलेल्या आहेत, हे ओघळलेल्या काचेवर बोट ठेवून समजावता आले. फाटकावरच्या सुरक्षारक्षकाने मात्र ‘ही घाण रोज पुसावी लागते’ अशी तक्रार ऐकवली. तीही रास्तच.

आता व्यवस्थेविषयी. २० जणांची मर्यादा जाहीर करून प्रत्यक्षात त्याहून बरीच अधिक माणसे घेतली होती. परिणामी यंत्राभोवती कडे होई आणि मागच्यांना केवळ पुढच्यांच्या पाठी दिसत. यंत्र एकच होते. त्याला जोडलेल्या मोबाइलवर आवाजावरून जात ओळखणारी सोय होती आणि ती दर मिनिटाला एखाद्या परदेशी जातीचे नाव आत्मविश्वासाने दाखवत होती. मार्गदर्शकाने ‘तिकडे लक्ष देऊ नका’ असे सांगितले हे खरे, पण ती सोय बंद करून ठेवणे अधिक शहाणपणाचे झाले असते. लहान मुले त्या नावांच्या याद्या करत होती. सभागृहातला ध्वनिक्षेपक मध्येच बंद पडला, त्यातून फारसे बिघडले नाही, कारण व्याख्यात्यांचा आवाज खणखणीत आहे. ज्येष्ठांसाठी बसायची सोय फेरीत कोठेच नव्हती. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून यावे एवढी सूचनाही आधी मिळाली नाही, आणि पिपिस्ट्रेल कितीही कर्तबगार असल्या तरी तलावाकाठच्या सगळ्या डासांना त्या पुऱ्या पडत नाहीत.

किमतीचा विचार करता ६०० रुपये मला जास्त वाटले नाहीत, पण ते व्याख्यानासाठी. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी, जीवशास्त्राच्या शिक्षकांनी आणि ज्यांच्या इमारतीत वटवाघळांवरून वाद होतात त्या पदाधिकाऱ्यांनी अवश्य जावे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळभक्षी वटवाघळे दीर्घकाळ उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टात होती आणि २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच काढून टाकले गेले, ही माहिती प्रश्नोत्तरांत ओझरती आली. पदाधिकाऱ्यांसाठी ती अधिक ठळकपणे सांगायला हवी. दहा वर्षांखालच्या मुलांना व्याख्यान लांबेल. त्यांच्यासाठी केवळ फेरीचे वेगळे, कमी शुल्क असावे. छायाचित्रणाच्या हौसेने जाणाऱ्यांची निराशा होईल.

आयोजकांना मी लेखी तीन गोष्टी कळवल्या आहेत. पहिली, पुस्तिकेतील ती चौकट काढून तिच्या जागी सायनॉप्टेरसचा दक्षिणोत्तर चढ आणि बेखस्टाइनच्या वटवाघळाची उलटी गोष्ट शेजारी शेजारी छापावी, म्हणजे वाचणाऱ्याला नियम आणि त्याची मर्यादा एकाच नजरेत दिसेल. दुसरी, पट्ट्या आणि तांदळाच्या पुरचुंड्या फेरीतही बरोबर न्याव्यात. तलावावर आवाज ऐकताना हातात ३ ग्रॅम असणे आणि खोट्या अशोकाखाली ४५ ग्रॅम असणे हे कोणत्याही स्पष्टीकरणाहून उपयोगाचे आहे. तिसरी, पावसाळ्यानंतरची फेरी आखताना उपवनऐवजी एखादा कमी वर्दळीचा काठ निवडावा. पहिल्या सूचनेवर त्यांनी पुढच्या छपाईत दुरुस्ती करू असे उत्तर पाठवले आहे, दुसरी लगेच मान्य केली आहे, आणि तिसरीवर वाहने उभी करायला जागा मिळत नाही असे म्हटले आहे, जे ठाण्यात राहणाऱ्या कोणालाही नाकारता येणार नाही.